लेपाखालची जमीन

टायटॅनियमचे नाव झाले ते तीन गुणांमुळे. वजनाला ते पोलादाच्या जेमतेम ५७ टक्के, त्याचे चांगले मिश्रधातू ताकदीला अनेक पोलादांच्या तोडीचे, आणि खाऱ्या पाण्याला तर ते दादच देत नाही. म्हणून जेट इंजिनाच्या पंख्याची पाती त्याची असतात, मोडलेल्या हाडात बसवायच्या पट्ट्या आणि स्क्रू त्याचे असतात, रासायनिक कारखान्यांतल्या नळ्याही त्याच्या असतात. पण या यादीत गिअरचे दात नाहीत, बेअरिंगच्या गोळ्या नाहीत, कॅम नाहीत. जिथे भार घेऊन घासायचे काम असते तिथे हा धातू अचानक निरुपयोगी ठरतो. कोरडा टायटॅनियमचा नट टायटॅनियमच्याच बोल्टवर जोर लावून आवळला, तर तो निम्म्यातच पकडतो, आणि मग पाना लावून सोडवण्याऐवजी कापूनच काढावा लागतो. या दोषावर उपाय म्हणून दोन वाटा बराच काळ स्वतंत्रपणे चोखाळल्या गेल्या. धातूच्या अंगातच कठीण कण किंवा तंतू मिसळून संमिश्र करायचे ही एक, आणि पृष्ठभागावर प्रक्रिया करून वरची कातडी टणक करायची ही दुसरी. या प्रकरणाचे म्हणणे असे की दोन्ही वाटा एकेकट्या अपुऱ्या आहेत, आणि त्या का अपुऱ्या आहेत हे समजले की त्यांची सांगड कशी घालायची तेही समजते. झीज थांबवण्यात वरचा थर किती कठीण आहे याला वाजवीपेक्षा जास्त भाव दिला जातो. खरा प्रश्न त्या थराखालचा धातू किती खोलीपर्यंत भक्कम आहे, हा आहे.

आधी रोग पाहू. टायटॅनियमवर हवेत आपोआप ऑक्साइडचा पापुद्रा धरतो, काही नॅनोमीटर जाडीचा. गंजापासून वाचवायला तो पुरतो, कारण खरवडला तरी क्षणात नवा धरतो. घर्षणात मात्र हाच पापुद्रा दर फेरीला फाटतो आणि खालचा उघडा, अतिशय क्रियाशील धातू समोरच्या पृष्ठभागाला जाऊन भिडतो. दोन उघडे धातू दाबाखाली भिडले की उंचवट्यांच्या टोकांशी ते जणू जुळून येतात आणि पुढच्या हालचालीत तो सांधा तुटतो. तुटतो तो बहुधा सांध्याच्या जागी नव्हे, टायटॅनियमच्याच पोटात. त्याचा कपचा समोरच्याला चिकटून राहतो. असे कपचे साचत गेले की खडबडीत गाठी तयार होतात आणि त्या पुढचा पृष्ठभाग नांगरतात. याचे मूळ स्फटिकरचनेपर्यंत जाते. अमेरिकेत नासाच्या लुईस केंद्रात डोनाल्ड बकली यांनी १९६० च्या दशकात षट्कोनी रचनेच्या धातूंचे घर्षण तपासले, तेव्हा एकाच रचनेचे कोबाल्ट आणि टायटॅनियम फार वेगळे वागतात असे दिसले. कोबाल्टमध्ये थर एका ठरावीक पातळीवर सहज सरकतात आणि चिकटणे मर्यादित राहते. टायटॅनियमच्या जालकाची उंची आदर्श प्रमाणापेक्षा थोडी कमी असल्याने सरकायला अनेक पातळ्या मोकळ्या होतात, धातू संपर्काच्या जागी पसरतो आणि अधिक चिकटतो. त्यात हा उष्णतेचा वाहक म्हणून फारच मंद. सहा टक्के ॲल्युमिनियम आणि चार टक्के व्हॅनेडियम असलेला सर्वांत प्रचलित मिश्रधातू पोलादाच्या मानाने कितीतरी हळू उष्णता वाहून नेतो. घर्षणाची उष्णता जागच्या जागी कोंडते आणि नेमका तिथलाच धातू आणखी मऊ होतो.

आता संमिश्र. टायटॅनियममध्ये मिसळायला आजवर अनेक पदार्थ आजमावले गेले. सिलिकॉन कार्बाइडचे तंतू, टायटॅनियम कार्बाइडचे कण, आणि सर्वांत समाधानकारक ठरलेले टायटॅनियम मोनोबोराइड. हे शेवटचे बाहेरून घालावे लागत नाही. टायटॅनियमच्या भुकटीत टायटॅनियम डायबोराइडची भुकटी मिसळून, दाबून, १३०० अंश सेल्सियसच्या आसपास तापवली की दोघांची अभिक्रिया होते आणि धातूच्या पोटातच मोनोबोराइडच्या बारीक सुया वाढतात. त्या तिथेच जन्मलेल्या असल्यामुळे धातूशी त्यांचा सांधा स्वच्छ असतो, आणि तापल्यावर त्या जवळपास टायटॅनियमइतक्याच प्रसरण पावत असल्यामुळे थंड होताना सांध्यावर फारसा ताण येत नाही. टोयोटाने १९९८ मध्ये ‘अल्टेझा’ या मोटारीच्या इंजिनात नेमक्या याच पद्धतीने केलेले व्हॉल्व्ह बसवले. मोठ्या संख्येने बनणाऱ्या गाडीत टायटॅनियमचे संमिश्र पोचल्याची ही ठळक घटना. व्हॉल्व्ह हलका झाला की स्प्रिंग हलकी चालते आणि इंजिन अधिक वेगाने फिरू शकते. संमिश्रामुळे मिळाली ती मुख्यतः ताठरता आणि तापलेल्या अवस्थेतली ताकद.

झिजेचा विचार केला तर हिशेब इतका सरळ राहत नाही. वाळूसारखे कठीण कण घासत असतील तर सुया उपयोगी पडतात, कारण कणाची धार त्यांना अडते. पण चिकटून होणारी झीज वेगळी. दोन सुयांमधला भाग अजूनही तेच उघडे, चिकट टायटॅनियम असतो, आणि संमिश्राच्या बहुतांश पृष्ठफळावर तोच असतो. तो पसरून सुईचे टोक झाकून टाकतो, किंवा सुईभोवतीचा आधार झिजून सुई मोडते आणि तिचा तुकडा दोन पृष्ठभागांत अडकतो. असा तुकडा म्हणजे आपणच आपल्या यंत्रात टाकलेली अपघर्षक पूड. शिवाय समोरचा भाग पोलादाचा असेल तर सुया त्याला किसतात. प्रयोगशाळेच्या कोष्टकात संमिश्राची झीज घटलेली दिसते, आणि समोरच्या भागाची झीज मोजलीच गेलेली नसते. संमिश्रे म्हणजे झिजेवरचा उपाय असे सरसकट लिहिणाऱ्यांनी एवढे तरी पाहायला हवे.

मग वरून लेप द्यावा हे ओघाने आले. सोनेरी रंगाचा टायटॅनियम नायट्राइडचा लेप ड्रिलच्या पात्यांवर सगळ्यांनी पाहिलेला असतो. निर्वात कक्षात तो दोन-चार मायक्रॉन जाडीचा बसवता येतो आणि त्याची कठीणता विकर्स मापाने २००० च्या पुढे जाते. खालचे टायटॅनियम साधारण ३५०. जॉन आर्चर्ड यांनी १९५३ मध्ये मांडलेले समीकरण सांगते की झिजलेला धातू भाराच्या आणि घासलेल्या अंतराच्या प्रमाणात वाढतो आणि कठीणतेच्या प्रमाणात घटतो. म्हणजे कठीणता सहापट, झीज सहाव्या हिश्श्यावर. कागदावर प्रश्न मिटला. पण भार पृष्ठभागावर थांबत नाही. हाइन्रिख हर्ट्झ यांनी १८८० च्या दशकाच्या सुरुवातीलाच दाखवून दिले होते की दोन वक्र वस्तू एकमेकींवर दाबल्या तर कातरताण सर्वाधिक होतो तो वर नव्हे, आत. एक उदाहरण आकड्यांत करून पाहू. सहा मिलिमीटर व्यासाची ॲल्युमिनाची कठीण गोळी टायटॅनियमच्या मिश्रधातूवर सुमारे दोन किलो वजनाइतक्या भाराने दाबली. संपर्काच्या वर्तुळाची त्रिज्या निघते ८० मायक्रॉनच्या आसपास, आणि सर्वाधिक कातरताण येतो पृष्ठभागाखाली ३५ ते ४० मायक्रॉनवर. तो ताण सुमारे ४९० मेगापास्कल. या मिश्रधातूचा धीर सुटतो साधारण ४५० ला. म्हणजे तीन मायक्रॉनचा लेप शाबूत असतानाच त्याच्या दसपट खोलीवरचा धातू खचायला लागलेला असतो. मुरूम नीट चोपला नाही आणि वर शहाबादी फरशी घातली, तर फरशी कितीही चांगली असो, ती पहिल्या जड कपाटाखाली तडकते. इथेही लेप झिजून जात नाही. तो तडकतो, त्याचे टोकदार तुकडे सुटतात आणि तेच मऊ धातूत रुतून झीज वाढवतात.

ही निव्वळ आकडेमोड नाही. तिची किंमत रुग्णांनी मोजलेली आहे. कृत्रिम खुब्याच्या काही रचनांमध्ये १९७० आणि ८० च्या दशकांत मांडीच्या हाडाचा गोल माथाही टायटॅनियमच्या मिश्रधातूचा केला गेला. समोर पॉलिएथिलिनची मऊ वाटी होती, त्यामुळे धोका वाटला नव्हता. पण हाडात रोपण बसवायला वापरलेल्या सिमेंटचे सूक्ष्म कण सांध्यात शिरले, त्यांनी माथा ओरखडला, आणि पुन्हा शस्त्रक्रिया करताना सांध्याभोवतीचे मांस धातूच्या भुकटीने काळे पडलेले सापडू लागले. त्यावर नायट्रोजनचे आयन वेगाने पृष्ठभागात घुसवण्याचा उपाय पुढे आला. प्रयोगशाळेत त्याचे निकाल चांगले होते. परंतु आयन जेमतेम मायक्रॉनच्या दशांशाइतके खोल जातात, आणि सिमेंटच्या कणाने काढलेला एकच ओरखडा त्याहून खोल असतो. अखेर माथ्यासाठी टायटॅनियम सोडून देण्यात आले. आज खुब्याचा दांडा टायटॅनियमचा आणि माथा कोबाल्ट-क्रोमचा किंवा सिरॅमिकचा, ही जोडी सर्वत्र रुळली आहे. टायटॅनियमचा सख्खा भाऊ शोभेल अशा झिर्कोनियमचे पुढे जे झाले तेही पाहण्यासारखे आहे. झिर्कोनियम-निओबियमचा मिश्रधातू हवेत ५०० अंशांना तापवून त्यावर सुमारे पाच मायक्रॉनचे सिरॅमिक ऑक्साइड उगवतात. ते वरून चिकटवलेले नसून धातूतूनच आलेले असते, खाली ऑक्सिजन मुरलेला टणक पट्टाही असतो, आणि असे सांधे वापरात आहेत. तरी माथा वाटीतून निसटून धातूच्या कडेवर घासला गेला, तर तो थर खरवडला जाऊन खालचा मऊ धातू उघडा पडल्याची उदाहरणे वैद्यकीय नियतकालिकांत आली आहेत. थर चांगला होता. एकवटलेल्या भाराखाली त्याला जमीन पुरली नाही.

तेव्हा थर देण्यापेक्षा धातूतच काही मुरवणे बरे. आणि इथे टायटॅनियमचा जो दुर्गुण आहे तोच कामी येतो. ऑक्सिजन आणि नायट्रोजनची त्याला प्रचंड ओढ आहे. तो त्यांना नुसता पृष्ठभागावर धरत नाही, जालकात सामावून घेतो. त्याच्या खालच्या तापमानाच्या रूपात, म्हणजे अल्फा रूपात, दर तीन अणूंमागे जवळजवळ एक ऑक्सिजनचा असेल इतका ऑक्सिजन मावतो. लोखंडाला हे स्वप्नातही जमणार नाही. नायट्रायडिंगमध्ये सुटा भाग नायट्रोजनच्या प्लाझ्मात ७०० ते ९०० अंशांना तासन् तास ठेवला की वर काही मायक्रॉन नायट्राइड बनते आणि त्याखाली दहांनी मोजावे इतके मायक्रॉन नायट्रोजन मुरतो. कठीणता वरून आत उतरत जाते, कुठे कडा येत नाही. भोसरी-चाकणच्या हीट ट्रीटमेंटच्या शेडमध्ये पोलादाचे नायट्रायडिंग रोज होते, साधारण ५०० ते ५५० अंशांना, अमोनिया सोडून. तीच भट्टी, तोच वायू टायटॅनियमला चालत नाही. अमोनियातून सुटणारा हायड्रोजन टायटॅनियम शोषून घेते आणि ठिसूळ होते. ऑक्सिजनची वाट त्याहून स्वस्त आहे. ६०० अंशांच्या आसपास हवेत काही दहा तास तापवले तरी पातळ ऑक्साइड आणि त्याखाली ऑक्सिजनचा पट्टा मिळतो. बर्मिंगहॅम विद्यापीठात टॉम बेल आणि हानशान डाँग यांच्या गटाने ही गोष्ट पुढे नेली. आधी हवेत थोडा वेळ तापवून ऑक्साइड धरू द्यायचा, मग निर्वातात अधिक वेळ तापवून तोच ऑक्साइड धातूत विरघळू द्यायचा. अशाने टणक पट्टा ३०० मायक्रॉनच्या आसपास खोल नेता येतो. वरच्या उदाहरणातले ४० मायक्रॉन या आकड्याशेजारी ठेवून पाहावेत.

यावर सर्वांत गंभीर आक्षेप धातुशास्त्रज्ञांचाच आहे. इतक्या तापमानाला इतके तास ठेवले तर धातूचे कण वाढतात आणि गाभ्याची ताकद उतरते. शिवाय वरचा टणक थर ठिसूळ असतो. वारंवार उलटसुलट भार आला की भेग तिथेच सुरू होते आणि थकव्याने तुटण्याची मर्यादा खाली येते. झीज वाचवायला जाऊन भागच तुटला, तर काय मिळवले? आक्षेप खरा आहे, नायट्रायडिंगनंतर थकव्याची ताकद घटते हे वारंवार मोजले गेले आहे. पण संमिश्राचा मुद्दा इथे नव्याने उपयोगी पडतो. मोनोबोराइडच्या सुया ९०० अंशांच्या आसपासही जागच्या हलत नाहीत आणि धातूच्या कणांच्या सीमा त्यांना अडखळतात, त्यामुळे कण वाढायला वाव राहत नाही. म्हणजे साध्या मिश्रधातूला जी प्रक्रिया झेपत नाही ती संमिश्राला पुष्कळ अंशी झेपते. दुसरे असे की सुयांमुळे गाभा ताठर आणि थोडा अधिक कठीण असतो, तेव्हा मुरवलेला पट्टा संपतो तिथेही भार पेलायला काहीतरी उरते. सुयांमधल्या चिकट टायटॅनियमचा प्रश्न नायट्रोजन सोडवतो, नायट्रोजनच्या पट्ट्याखालच्या आधाराचा प्रश्न सुया सोडवतात. संमिश्र आणि पृष्ठभागप्रक्रिया एकत्र आणण्याचे कारण हे आहे, दोघांचे गुण नुसते बेरजेत मिळतात म्हणून नव्हे. ठिसूळपणाचा भाग मात्र उरतो आणि तो लपवण्यात अर्थ नाही. वरचा नायट्राइडचा थर पॉलिश करून पातळ करणे, थकव्याचा भार जास्त असलेल्या कोपऱ्यांवर प्रक्रियाच न करणे, किंवा कमी तापमानाला समाधान मानणे, असे व्यवहारी तोडगे काढावे लागतात. आणखी एक खोच आहे. बोराइडयुक्त संमिश्र हवेत तापवले तर उघड्या सुयांच्या टोकांशी बोरॉन ऑक्साइड होऊ शकते, आणि ते ४५० अंशांच्या आसपासच वितळते. म्हणून साध्या मिश्रधातूसाठी छापलेले तापमान-वेळेचे कोष्टक संमिश्राला जसेच्या तसे लावता येत नाही.

बाकीच्या पद्धतींवर फार थांबायला नको. लेझरने पृष्ठभाग वितळवून त्यावर नायट्रोजन सोडला तर शेकडो मायक्रॉन जाड थर क्षणात मिळतो, पण तो निवताना तडे जातात आणि ते टाळायला भाग आधीच तापवून ठेवावा लागतो. विद्युत्-विलयनात काहीशे व्होल्ट देऊन सूक्ष्म ठिणग्यांनी ऑक्साइड उगवण्याची पद्धत झटपट आहे, पण त्या थराची वरची बाजू सच्छिद्र असते, घासण्याच्या कामाला ती खरवडूनच घ्यावी लागते. मला सर्वांत पटणारी रीत दुहेरी आहे. आधी नायट्रोजन किंवा ऑक्सिजन खोल मुरवायचा, मग वर तोच पातळ सोनेरी किंवा कार्बनचा लेप द्यायचा. वर ज्या लेपाला नावे ठेवली तोच लेप टणक जमिनीवर आला की उत्तम चालतो.

दुसरा आक्षेप यंत्रे बांधणाऱ्यांचा असतो आणि तो अधिक रोकडा आहे. एवढा खटाटोप कशाला? घासणाऱ्या जागी पोलादाची किंवा कांशाची बुश घाला आणि मोकळे व्हा. विमानउद्योग बऱ्याच वेळा हेच करतो. पंख्याच्या पात्याचे मूळ चकतीच्या खाचेत बसते तिथे कंपनांमुळे सूक्ष्म घासणे सतत चालू असते. तिथे कठीण लेप न देता तांबे-निकेल-इंडियमचा मऊ लेप फवारतात आणि वर मॉलिब्डेनम डायसल्फाइडसारखे कोरडे वंगण देतात. मऊ लेप स्वतः झिजतो, पाते वाचते, देखभालीच्या वेळी नवा देता येतो. याच पात्यांच्या मध्यभागी जिथे शेजारचे पाते येऊन भिडते, तिथे मात्र टंगस्टन कार्बाइड फवारतात. एकाच पात्यावर दोन ठिकाणी दोन उलट उपाय. तेव्हा बुश घालणाऱ्याचे चुकत नाही. पण बुश जागा घेते, वजन घेते, आणि वेगळ्या धातूंच्या सांध्यात ओलाव्याने गंजाचा धोका आणते. इंजिनाच्या व्हॉल्व्हच्या दांड्यावर, छोट्या पिस्टन पिनवर किंवा शस्त्रक्रियेच्या अवजाराच्या बिजागरीत बुशला जागाच नसते. प्रक्रिया केलेल्या संमिश्राची जागा तिथे आहे, सगळीकडे नाही.

राहिला प्रश्न दाव्यांचा. पिन आणि फिरती चकती घेऊन झीज मोजणारे यंत्र प्रत्येक प्रयोगशाळेत असते, आणि त्यावर झीज दसपट कमी झाली असे लिहिणे फार सोपे असते. त्याच नमुन्यावर भार दुप्पट केला की पातळ थर फुटतो आणि निकाल उलटतो. असा निबंध हाती आला तर चार गोष्टी आधी शोधाव्यात: भार किती होता, गोळी कशाची आणि केवढी होती, गोळीची झीज मोजली का, आणि कठीणतेचा आलेख किती खोलीपर्यंत काढला. शेवटचा आलेख नसेल तर बाकीच्या आकड्यांवर फार विसंबू नये. आपल्याकडे या कामाची साधने तुटपुंजी नाहीत. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत इल्मेनाइट आहे. केरळात चवरा येथे वर्षाला ५०० टन क्षमतेचा टायटॅनियम स्पंजचा कारखाना हैदराबादच्या संरक्षण धातुशास्त्र प्रयोगशाळेच्या तंत्रज्ञानावर २०११ मध्ये उभा राहिला. प्लाझ्मा नायट्रायडिंगवर गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत काम झाले आहे. या साऱ्या खर्चाच्या गोष्टी आहेत आणि संमिश्राची भुकटी तर अजूनच महाग. त्यामुळे निकष साधा ठेवावा लागतो: जिथे एक ग्रॅम वाचवायला माणूस पैसे मोजायला तयार आहे आणि जिथे बुश बसत नाही, अशाच भागावर हा खर्च निघतो. तिथेही गाभा संमिश्राचा, नायट्रोजन वा ऑक्सिजन खोल मुरवलेला आणि लेप सर्वांत शेवटी, हा क्रम बदलू नये. जड भाराच्या गिअरसाठी मात्र आजही कार्बन मुरवलेले पोलादच घ्यावे.